सेवाभावी संस्थेत कार्यक्रम प्रमुख म्हणून काम करताना: प्रकल्प चार, पण कुटुंब एकच

करवीरची_कार्यकर्ती

नमस्कार. कोल्हापुरातील एका सेवाभावी संस्थेत मी दीर्घकाळ क्षेत्र समन्वयक होते. यंदाच्या एप्रिलपासून संस्थेच्या सर्व कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी अभ्यासवर्ग, त्या मजुरांच्या मुक्कामाच्या तळांवर गरोदर आणि स्तनदा मातांच्या आरोग्याचे काम, शहरात महिलांसाठी समुपदेशन केंद्र आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी दिवसभराचे विसावा केंद्र अशी आमची कामे आहेत. निधी देणारे चार, त्यांच्या अहवालांचे नमुने चार आणि यश म्हणजे काय याच्या कल्पनाही चार.

जबाबदारी घेतल्यावर मी सर्वांत आधी गेल्या हंगामाच्या नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. एका तळावरील एकाच बाईचे नाव तीन वह्यांत आढळले. अभ्यासवर्गाच्या वहीत ती दोन मुलांची आई आहे. आरोग्याच्या वहीत ती पाचव्या महिन्यातील गरोदर स्त्री आहे. समुपदेशन केंद्राच्या नोंदीत तिच्या नावासमोर एवढेच लिहिले आहे की ती एकदा आली आणि पुन्हा आली नाही. तिन्ही प्रकल्पांचे अहवाल आपापल्या जागी बिनचूक आहेत, निधी देणाऱ्यांनी ते समाधानाने स्वीकारलेही आहेत. परंतु दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून थकलेल्या त्या बाईला आमच्या तीन कार्यकर्त्यांनी तीन वेळा नाव, वय, गाव आणि आधार क्रमांक विचारला, आणि तिच्या घरात नेमके काय चालले आहे याचे पूर्ण चित्र आमच्यापैकी एकाकडेही नव्हते.

माझे मत असे झाले आहे की कार्यक्रम प्रमुखाचे पद प्रकल्पांची बेरीज सांभाळण्यासाठी नाही. प्रत्येक प्रकल्पाला समन्वयक असतोच. ते सगळे प्रकल्प ज्या उंबऱ्यावर एकत्र येतात त्या कुटुंबाकडे अखंडपणे पाहणारे संस्थेत कोणीतरी असावे, यासाठी हे पद आहे. मात्र प्रत्यक्षात ते कसे साधावे? निधीचे नियम, वेळापत्रक, कार्यकर्त्यांवरील बोजा आणि नोंदींची पद्धत, या चारही बाजूंनी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

साखरपट्टा

ताई, तुम्ही मांडलेला प्रश्न ऊसपट्ट्यातील प्रत्येक संस्थेचा आहे. मी याच भागात मुलांच्या शिक्षणाचे काम करतो, म्हणून वेळापत्रकाबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते बाकीच्या अडचणी त्यातूनच निघतात.

आपल्याकडे ऊसतोडीसाठी बीडसह मराठवाड्यातील जिल्ह्यांतून येणाऱ्या टोळ्या साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हे कुटुंब मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या मजूर ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ मजुरी) घेऊन आलेले असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाई गरोदर असली तरी फडात जाते आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी खोपीवर थांबते. म्हणजे मुलगी वर्गात का येत नाही या प्रश्नाचे उत्तर शिक्षणाच्या प्रकल्पात सापडतच नाही. ते तान्ह्या मुलाला दिवसभर कोण सांभाळणार या प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न तुमच्याकडे आरोग्याच्या कार्यकर्तीच्या वाट्याला आलेला आहे. तिने अंगणवाडी सेविकेशी बोलून धाकट्या भावाची सोय लावली, तर थोरली वर्गात येते. मात्र या यशाची नोंद कोणत्याही एका प्रकल्पाच्या रकान्यात बसत नाही, म्हणून ते काम कोणीच आपले मानत नाही. कार्यक्रम प्रमुखाने पहिल्यांदा आपले मानायचे असते ते हे काम.

दुसरी गोष्ट निधीच्या वर्षाची. बहुतेक मंजुऱ्या एप्रिल ते मार्च या वर्षाप्रमाणे होतात. करार होऊन पहिला हप्ता यायला पावसाळा उजाडतो, नेमणुका होईपर्यंत टोळ्या येऊन पोहोचलेल्या असतात आणि वर्षअखेरीचा अहवाल मागितला जातो तो नेमका मार्चमध्ये, म्हणजे परतीच्या तयारीतील मुलांचे दाखले, शिक्षण हमी कार्ड आणि मूळ गावच्या शाळेशी बोलणे ही सर्वांत महत्त्वाची कामे चालू असताना. त्या दिवसांत आकडे भरत बसलेला शिक्षक मुलाला परतीच्या शाळेशी जोडून देऊ शकत नाही आणि मग पाच महिन्यांची मेहनत वाया जाते. निधी देणाऱ्याशी पहिल्या बैठकीतच हंगामाचे वेळापत्रक समोर ठेवून बोलावे, कार्यकर्त्यांच्या नेमणुका सप्टेंबरपर्यंत पूर्ण होतील असा हप्ता मागावा आणि अहवालाची तारीख मे महिन्यात घ्यावी. हे बोलणे समन्वयकाच्या पातळीवर होत नाही. तेथे तुम्हालाच बसावे लागेल.

आणखी एक गोष्ट. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही. एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे या कुटुंबांना येथील दुकानातून धान्य घेता येते. या दोन गोष्टी तुमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला, तो कोणत्याही प्रकल्पाचा असो, तोंडपाठ असल्या पाहिजेत. रेशनचा प्रश्न विचारणाऱ्या बाईला ‘ते माझ्या प्रकल्पात येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या दिवशी ती तुमच्या कोणत्याच प्रकल्पाला दार उघडणार नाही.

हिशेबाची_वही

मी काही सामाजिक संस्थांचे हिशेब पाहते. साखरपट्टा यांचे म्हणणे मनापासून मान्य आहे, पण कार्यकर्ते एकत्र वापरायचे म्हटले की हिशेबाची बाजू आधी पक्की करावी लागते.

तुमच्या चारपैकी एखादा निधी परदेशी असेल, तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमनाच्या कायद्याच्या २०२० मधील दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे आणि तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण मनाई आहे. दवाखान्यातील डॉक्टर किंवा शाळेतील शिक्षक यांचे पगार, म्हणजे उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च, नियमांनुसार प्रशासकीय खर्चात धरले जात नाहीत. मात्र कार्यकर्ती दोन निधींवर विभागून काम करत असेल, तर तिच्या वेळेची नोंद दरमहा, तिच्या सहीने आणि त्या त्या महिन्यातच झाली पाहिजे. वर्षअखेरीस बसून टक्के ठरवणे ही पद्धत पूर्णपणे बंद करावी. विभागणीचे सूत्र आधी लेखी ठरवावे, लेखापरीक्षकांना दाखवावे आणि विश्वस्त मंडळाच्या ठरावात आणावे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करायची असते आणि प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या देखरेखीचा किंवा मूल्यमापनाचा खर्च तीत मोजला जात नाही. तरीही ‘आम्ही पगाराला पैसे देत नाही, वस्तूंना देतो’ असे कितीतरी अधिकारी सांगतात आणि संस्था ते नियम समजून स्वीकारतात. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींमुळे आपल्या जिल्ह्यात या निधीची शक्यता बरी आहे, म्हणून हे ठामपणे आणि नम्रपणे समजावून सांगायला शिकले पाहिजे. कार्यक्रम प्रमुखाचा पगार कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो, सगळ्यांना मात्र त्याचे काम हवे असते. प्रत्येक प्रस्तावात तुमच्या वेळेचा वाटा उघडपणे लिहा.

समुपदेशन_कक्ष

चर्चा एकत्र नोंदीच्या दिशेने चालली आहे, म्हणून मला येथे स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे. मी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत समुपदेशक आहे.

मूळ लेखातील ती बाई एकदा आली आणि पुन्हा आली नाही, याचे कारण बहुधा आपल्याला वाटते त्याहून गंभीर असते. तळावर खोपीला खोप लागून असते, मुकादम नवऱ्याचा नातलग असू शकतो आणि कोण कोणाशी बोलले हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. अशा ठिकाणी अभ्यासवर्गाच्या शिक्षकाच्या हातातील कागदावर तिच्या समुपदेशनाचा एक शब्द जरी लिहिलेला असला, तरी तिला मार बसू शकतो. कुटुंबाचे पूर्ण चित्र एका ठिकाणी असावे ही इच्छा चांगली आहे, पण ते चित्र कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्न आधी येतो, आणि माझ्या मते ते त्या बाईच्या मालकीचे आहे.

कायद्यानेही ही रेषा आखलेली आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली नोंदणी झालेली सेवाभावी संस्था घटनेचा अहवाल नोंदवू शकते, पण पीडितेची इच्छा असेल तरच. याउलट मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे समजले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. तेथे संमतीसाठी थांबता येत नाही. हा फरक अभ्यासवर्गाच्या शिक्षकाला, आरोग्य कार्यकर्तीला आणि विसावा केंद्रातील मदतनीसालाही समजला पाहिजे, कारण मूल आपली गोष्ट ज्याच्यावर विश्वास बसतो त्याला सांगते आणि ती व्यक्ती समुपदेशक असेलच असे नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर असतो, पण तो फिरवल्यानंतर पुढे काय होते हे शिक्षकाला माहीत नसते. ताई, तुम्ही हंगामापूर्वी एकच प्रशिक्षण घेऊ शकणार असाल, तर ते या विषयाचे घ्या.

करवीरची_कार्यकर्ती

समुपदेशन कक्ष यांचे मनापासून आभार. त्यांच्या आक्षेपामुळे माझ्या मांडणीत मोलाची भर पडली. आता मला असे दिसते की नोंदी दोन थरांत ठेवल्या पाहिजेत. कुटुंबाचे नाव, मूळ गाव, सदस्य, मुलांची शाळा, रेशन आणि गरोदरपणाची नोंद एवढा सर्वसाधारण भाग कुटुंबाला सांगून, त्यांच्या होकाराने, एकदाच लिहावा, म्हणजे तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागणार नाहीत. समुपदेशनाची नोंद केंद्राच्या कुलुपात, वेगळ्या क्रमांकाने राहील आणि सर्वसाधारण पत्रकावर ती असल्याची खूणही नसेल. एखाद्या बाईला दुसऱ्या कामाची मदत हवी असेल, तर समुपदेशक तिला विचारून तेवढीच गरज पुढे कळवेल.

एकत्र विचार कागदापेक्षा माणसांच्या बैठकीत व्हावा असेही वाटते. महिन्यातून एकदा तळावर काम करणारे सर्व कार्यकर्ते बसतील आणि आकड्यांऐवजी दोन-तीन कुटुंबांबद्दल बोलतील. मात्र या बैठकीसाठी त्यांचा अर्धा दिवस मोकळा करायचा तर काहीतरी काढून घ्यावे लागेल. सध्या दर आठवड्याला छायाचित्रांसह अहवाल मागवला जातो, तो महिन्यावर आणावा असे दोन निधी देणाऱ्यांना मी लिहिणार आहे.

पूररेषा

पावसाळा चालू आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा येथेच मांडतो. तो विषयाबाहेरचा वाटला तरी नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदी या पातळीच्या कितीतरी वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि आपल्यासारख्या सर्व संस्थांचे वार्षिक नियोजन एका आठवड्यात बाजूला पडले.

अशा वेळी कार्यक्रम प्रमुखाचे खरे नेतृत्व दिसते आणि ते पाणी येण्याआधीच्या तयारीवर अवलंबून असते. मदतीच्या गाड्या रस्त्यालगतच्या, पोहोचायला सोप्या गावांत थांबतात, तेथे एकाच घरात चार-चार चादरी जातात आणि आतल्या वस्तीवर काहीच पोहोचत नाही. ज्या संस्थेकडे कुटुंबांची नीट माहिती आहे, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ आहेत आणि कोणत्या घरात नववा महिना भरत आला आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी वस्तू वाटण्याच्या गर्दीत न शिरता ही माहिती तहसील कार्यालयाला आणि ग्रामपंचायतीला द्यावी आणि त्या माणसांना वेळेत हलवण्यासाठी राबावे. चिखली, आंबेवाडीसारख्या गावांना स्थलांतर नवीन नाही, पण तेथेही म्हाताऱ्या माणसाचे औषध, चष्मा आणि गोठ्यातली म्हैस यांची व्यवस्था झाल्याशिवाय ते घर सोडत नाहीत.

निधीच्या करारात एक वाक्य आधीच घालून घ्या: आपत्तीच्या काळात ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम आणि कार्यकर्त्यांचा वेळ मदतकार्याकडे वळवता येईल आणि त्या महिन्यांची उद्दिष्टे पुढे ढकलली जातील. पाणी आल्यावर परवानगी मागत बसणे शक्य नसते. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुमचे कार्यकर्तेही याच गावांत राहतात. ज्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरले आहे, त्याला दुसऱ्या गावात मदतीला पाठवू नका. त्याला पगारी रजा द्या.

दसरा_चौक

मी एका शिक्षण संस्थेचा विश्वस्त आहे. या चर्चेत विश्वस्त मंडळाचा उल्लेख फक्त ठरावापुरता आला, म्हणून लिहितो.

आपल्याच शहराचा इतिहास या प्रश्नाला थेट उत्तर देतो असे मला वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला बळ दिले, पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच काळात, २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांसाठी राखल्या गेल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल पडले. आपण ही कामे वेगवेगळ्या प्रकरणांत शिकतो, पण खेड्यातून आलेल्या एका मुलाच्या बाजूने पाहिले तर ती एकच वाट आहे: गावात शाळा, शहरात राहायला जागा आणि शिकून झाल्यावर नोकरीत प्रवेश. यातील एक टप्पा गळला असता, तर उरलेल्या दोघांचा उपयोग निम्म्यावर आला असता. करवीरची कार्यकर्ती ज्या नजरेबद्दल बोलत आहेत, ती नजर याच मातीत शंभर वर्षांपूर्वी होती.

विश्वस्तांनी बदलायला हवी ती गोष्ट म्हणजे बैठकीतले प्रश्न. बहुतेक बैठकांत कार्यक्रम प्रमुखाला ‘किती लाभार्थी झाले’ आणि ‘पुढचा निधी कुठून येणार’ एवढेच विचारले जाते. या वर्षी कोणता निधी नाकारला आणि का नाकारला, हे विचारणारे मंडळ मी क्वचित पाहिले आहे. जो निधी आपल्या कामाशी न जुळणारा पाचवा प्रकल्प घेऊन येतो, तो नाकारण्याचे बळ कार्यक्रम प्रमुखाला मंडळाकडूनच मिळाले पाहिजे. एकट्या कर्मचाऱ्याने तो धोका पत्करावा ही अपेक्षा अन्यायाची आहे.

समाजकार्य_पदवीधर

मी नुकतेच समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आहे. एक शंका आहे. कुटुंबाच्या एकूण परिस्थितीत झालेला बदल निधी देणाऱ्याला दाखवायचा कसा? ‘किती मुले वर्गात आली’ हे मोजता येते, पण बाकीचे मोजता येत नाही.

साखरपट्टा

मोजता येते, पण थोडे आणि उशिरा. आम्ही हंगाम संपल्यावर मूल मूळ गावच्या शाळेत जूनमध्ये हजर झाले की नाही, एवढा एकच प्रश्न फोनवर विचारतो. वर्गातील रोजच्या हजेरीपेक्षा हा आकडा खूप लहान असतो, पण तो खरा असतो, आणि समजून घेणारे निधी देणारे त्याची किंमत ओळखतात. काही बदल मात्र कोणाच्याच खात्यावर मांडू नयेत. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. असा ठराव गावाचा असतो. त्या परिसरात काम करणाऱ्या संस्थेने आपल्या अहवालात त्याचे श्रेय घेऊ नये आणि निधी देणाऱ्यानेही ते मागू नये.

हिशेबाची_वही

साखरपट्टा यांच्या फोनच्या पद्धतीला एक जोड. तो फोन जूनमध्ये होतो, तेव्हा हंगामी शिक्षकांचे मानधन संपलेले असते. म्हणून ‘पाठपुरावा’ या नावाने जून-जुलैचे मानधन अंदाजपत्रकात आधीच लिहा, नाहीतर ते काम कोणीतरी फुकट करत राहील.

करवीरची_कार्यकर्ती

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पुढील विश्वस्त बैठकीत मी तीन प्रस्ताव ठेवत आहे: कार्यकर्त्यांच्या वेळेच्या विभागणीचे लेखी सूत्र, आपत्तीच्या काळात निधी वळवण्याची अट प्रत्येक नव्या करारात घालण्याचा ठराव आणि पॉक्सोविषयक प्रशिक्षण ऑक्टोबरपूर्वी सर्व कार्यकर्त्यांसाठी, चालक आणि मदतनीसांसह, घेण्याची मंजुरी. कुटुंबपत्रकाचा नमुना आमच्या समुपदेशकांनी तपासल्याशिवाय छापला जाणार नाही. समुपदेशन कक्ष, तुमची हरकत नसेल तर संमतीचा मजकूर येथेच टाकते. वाचता न येणाऱ्या बाईला तो तोंडी सांगायचा आहे, त्यामुळे कोणते वाक्य तळावर मोठ्याने उच्चारणे सुरक्षित नाही, ते तुम्ही कृपया दाखवून द्या.